आधी म्यान बघा, पातं नंतर

तलवार हातात आली की नजर पहिली पात्यावर जाते, साहजिक आहे, चकाकतं तेच आणि धारही तिथेच. पण आदिवासी तलवारी गोळा करायच्या, ओळखायच्या, त्यांची नीट वर्गवारी लावायची म्हटलं तर माझं अगदी स्पष्ट मत आहे की पातं शेवटी बघायचं. आधी म्यान, मग ती अंगावर कुठे आणि कशी अडकवत असतील ते, मग मूठ, मग मूठ आणि पात्याचा सांधा, आणि एवढं झालं की पातं. जमातीचं नाव तर त्याच्याही नंतर. बाजारात मात्र सगळं उलटं चालतं, आधी नाव सांगतात आणि मग त्या नावाला शोभेल अशी गोष्ट.

चोर बाजारात मटन स्ट्रीटवर फिरलात तर कळेल मी काय म्हणतोय ते. लाकडी मूठ आहे, परज (मुठीपुढची, हात वाचवणारी आडवी पट्टी) नाही, पातं जाड आहे, की लगेच "साब, नागालँड का है, हेडहंटर का, डेढ सौ साल पुराना". मूठ चामड्याची असली की आफ्रिका. पितळेचा थोडा चिकटवलेला भाग असला की बस्तर. मला त्या दुकानदारांचा राग अजिबात नाही, तिथले एक चाचा मला वस्तू हातात घेऊन निवांत बघू देतात, खिडकीच्या उजेडात नेऊ देतात, आणि संग्राहकासाठी यापेक्षा मोठी मदत नसते. पण ऐकलेलं नाव वहीत लिहायचं नाही हा माझा नियम आहे. लिहायचंच असेल तर "विक्रेत्याच्या म्हणण्यानुसार" अशा वेगळ्या रकान्यात.

आता मुंबईत या वस्तू येतात कुठून असं मला खूप जण विचारतात. अहो, बंदराचं शहर आहे हे. केनिया, युगांडा, टांझानियात पिढ्यान् पिढ्या राहून परत आलेली गुजराती-कच्छी कुटुंबं, आसामच्या चहामळ्यांत नोकऱ्या केलेले लोक, जहाजावर काम करणारे आपले कोकणातले खलाशी, सैन्यातले अधिकारी. आजोबांनी भिंतीवर लावलेली वस्तू नातवाच्या टू बीएचकेत मावत नाही, इमारत रिडेव्हलपमेंटला जाते, सामान निघतं, आणि ते फिरत फिरत बाजारात येतं. आणि येताना वस्तूबरोबरचं कागदपत्र, चिठ्ठी, आजोबांची आठवण, हे सगळं गळून पडतं. म्हणून मी ओळखीतल्या सगळ्यांना सांगत असतो, घर खाली करताना भिंतीवरची तलवार काढायच्या आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून घ्या ही कुठून आली, कोणत्या साली, कोणी दिली, आणि ते कागदावर लिहून वस्तूला बांधून ठेवा. त्या एका कागदापुढे माझं सगळं निरीक्षण फिकं आहे.

पातं शेवटी का, तर पाती फिरतात. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं काम झालं. सहारातल्या तुआरेग लोकांची ताकोबा घ्या, सरळ, दुधारी, पात्यात बहुतेक वेळा तीन नळ म्हणजे लांब खोलगट पट्ट्या, मूठ चामड्यानं नाहीतर पितळेनं पूर्ण मढवलेली. आता यातल्या काहींची पाती युरोपात, जर्मनीतल्या झोलिंगेनसारख्या गावात बनलेली असतात, व्यापारातून वाळवंटात पोचलेली, आणि तिथल्या लोहारांनी मग स्वतःच्या पात्यांवरही त्या युरोपियन खुणा उठवायला सुरुवात केली, अर्धचंद्राची जोडी वगैरे. म्हणजे खूण बघून "जर्मन पातं" म्हणालात तर फसाल आणि पातं खरंच जर्मन निघालं म्हणून "तलवार युरोपियन" म्हणालात तरी फसाल. वर ही ताकोबा फक्त तुआरेगांची पण नाही, हौसा आणि नुपे लोकही त्याच घाटाच्या तलवारी वापरत. ईशान्येकडेही हेच. अरुणाचलमधल्या मिश्मी आणि आदी लोकांकडे तिबेटी तलवारी व्यापारातून येत. खामती लोक लोहारकामात हुशार, त्यांनी घडवलेलं पातं शेजारच्या जमातीत जायचं. मग ते पातं कोणाचं म्हणायचं, ज्यानं घडवलं त्याचं की ज्यानं आयुष्यभर कमरेला लावलं त्याचं?

म्यान आणि मूठ मात्र सहसा घरच्याच मातीतली असतात. आजूबाजूला जो वेत मिळतो, जे लाकूड, जे चामडं, त्याचंच म्यान बनतं, आणि ते तुटलं की तिथेच दुरुस्त होतं. आणि तलवार अडकवायची सवय तर माणूस सहजासहजी बदलत नाही, कारण ती तो चालतो कसा, बसतो कसा, डोंगर चढतो कसा, अंगावर काय नेसतो, यावर ठरते.

नागा लोकांच्या दाओचं, म्हणजे त्यांच्या तोडायच्या हत्याराचं, उदाहरण जरा सविस्तर सांगतो कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त गोंधळ त्याच्याच नावानं होतो. दाओचं पातं मुठीपाशी अरुंद आणि पुढे पुढे रुंद होत जातं, टोकाला अणी नसतेच, उलथन्यासारखं आडवं संपतं. खुपसायचं हत्यार नाहीच ते, घाव घालायचं आहे, आणि रोजचं अवजार तेच, झूम शेतीसाठी रान तोडायचं, लाकूड फोडायचं, बांबू चिरायचा, मांस कापायचं, आणि जुन्या काळी लढाईतही तेच. आता ते पातं टेबलावर आडवं ठेवा आणि त्याच्यावर आडवी स्टीलची फूटपट्टी टेकवा. एका बाजूला फूटपट्टी जवळजवळ सपाट बसते. उलटं करा, दुसऱ्या बाजूला धारेकडे उतार दिसतो. म्हणजे धार एकाच बाजूनं काढलेली आहे, सुताराच्या पटाशीला असते तशी एकांगी. दोन्ही बाजूंनी सारखा उतार असेल तर मी थांबतो आणि दुसऱ्या शक्यता बघायला लागतो. मग मूठ, लाकडाची नाहीतर बांबूच्या बुंध्याची, तोंडाशी वेताचं गुंफण, कधी लाल रंगवलेले बकऱ्याचे केस. मुठीचं गुंफण काळवंडलेलं, गुळगुळीत, तेलकट झालंय का ते बघायचं, आणि मुख्य म्हणजे जिथे हात पडतो तिथेच झालंय का. सगळीकडे सारखंच काळं असेल तर रंग लावलाय.

आणि मग दाओचं घर. नागा लोकांत ते बंद म्यान नसतं, लाकडाचा एक ठोकळा असतो, त्यात खाच, आणि तो पट्ट्यानं कंबरेच्या मागच्या बाजूला बांधतात. पातं त्या खाचेत मागे लटकतं, हात मोकळे. हा ठोकळा बाजारात दाओबरोबर फारच क्वचित येतो कारण पाहणाऱ्याला तो लाकडाचा तुकडाच वाटतो, कोणीतरी कधीतरी फेकून दिलेला असतो. आला तर त्याच्या खाचेच्या आत टॉर्च मारून बघा, पात्यानं घासून घासून लाकडावर चर पडलेला असतो, आणि त्या चराची रुंदी तुमच्या पात्याशी जुळली पाहिजे. जुळली तर हे दोघं खरंच एकत्र राहिलेले आहेत. नाही जुळली तर कोणीतरी नंतर जोडी लावलीय, तसं वहीत लिहायचं, वस्तू तरीही चांगली असू शकते.

याच्याच शेजारचा सिंगफो म्हणजे सीमेपलीकडे म्यानमारमधे ज्यांना काचिन म्हणतात त्यांचा दाओ, पातं एकटं ठेवलं तर नागा दाओशी सहज घोळ होईल असं, तेही टोकाकडे रुंद होत जाणारं. पण म्यान बघितलं की प्रश्न मिटतो. त्यांचं म्यान एका बाजूनं उघडं, म्हणजे लाकडाची कोरलेली एक फळी, तिच्यावर पातं दिसतं आणि आडव्या पट्ट्यांनी धरून ठेवलेलं असतं, आणि अडकवायला वेताचं मोठं कडं, जे खांद्यावरून घालतात. एक कमरेला मागे, एक खांद्यावरून. सांगा, पातं बघून हे कळलं असतं का?

आणि इथे आपल्या घराजवळची गोष्ट. ठाणे, पालघर, रायगडच्या डोंगरात वारली, कातकरी माणूस रानात निघाला की कमरेला मागे आकडी आणि आकडीत कोयता. माझ्या लहानपणी गावाकडे हे दृश्य रोजचं होतं. तिकडे कर्नाटकात कोडगूमधे कोडवा लोकांची आयुध कत्ती, चांगली जड, पुढे वळलेल्या पात्याची, तीसुद्धा पाठीमागे कमरेलाच, तोडंग नावाच्या पितळी कडीत अडकवलेली. आणि नागा ठोकळा पण मागेच. तीन ठिकाणं, एकमेकांशी काही नातं नाही, पण सगळी दाट रानात, चढ-उतारावर दोन्ही हात मोकळे ठेवून चालणारी माणसं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं कारण नवीन संग्राहक असं साम्य दिसलं की लगेच "हे तिकडून इकडे आलं" अशी स्थलांतराची थिअरी मांडतात, आणि व्हॉट्सअॅपवर ती दोन दिवसांत इतिहास होऊन फिरते. गरज सारखी असली की उत्तर सारखं निघतं, त्यासाठी पूर्वज एक असावे लागत नाहीत.

कोडवांचा विषय निघालाच आहे तर, त्यांची आयुध कत्ती मी आदिवासी विभागात ठेवत नाही. त्यांची स्वतःची शेती, जमिनीचे हक्क, लष्करी परंपरा आहे, कैलपोळ्द या त्यांच्या सणाला शस्त्रांची पूजा होते, पुढे कमरपट्ट्यात खोचायची छोटी कट्यार, पिचंगत्ती, वेगळी. बाजार मात्र तिला सर्रास "ट्राइबल" म्हणून विकतो. तीच गत बंगालकडच्या रामदाओची, बळी देण्याचं ते मोठं खड्ग, टोकाशी डोळा कोरलेला, ते देवीच्या पूजेतलं आहे, कुठल्या जमातीच्या योद्ध्याचं नाही. "ट्राइबल" हा शब्द दुकानदार "मला माहीत नाही" या अर्थानं वापरतो असं धरून चाललात तर पैसे वाचतील.

खासी तलवार मला व्यक्तिशः सगळ्यात सुंदर वाटते. लांब, अरुंद, आणि मुठीपासून टोकापर्यंत सगळं एकच लोखंड, वेगळी लाकडी मूठ नाहीच, पकडायच्या जागी लोखंडाचेच दोन आडवे भाग. खासी टेकड्यांत लोखंड गाळायची परंपरा फार जुनी, सुमारे दोन हजार वर्षं मागे जाणारी, आणि ही तलवार बघताना ते जाणवतं, लोखंडावर इतका भरवसा की दुसरं काही लावायची गरजच नाही. आजही शिलाँगला एप्रिलच्या आसपास शाद सुक मिनसिएम हा नाचाचा सण होतो तेव्हा पुरुष एका हातात तलवार आणि दुसऱ्या हातात चवरी घेऊन नाचतात. त्यामुळे एक प्रश्न नेहमी विचारावा लागतो, ही लढाईची की नाचाची? नाचाच्या तलवारीला वजन कमी, धार कधी काढलेलीच नसते, पातं पातळ. ती खोटी नाही हं. नाचाची तलवार ही नाचाची खरी तलवार आहे, तिचा रकाना वेगळा एवढंच.

आता बोर्निओ, कारण तिथली मंदाउ नावाची तलवार हा असा प्रकार आहे जिथे पातं स्वतःच बोलतं, माझ्या नियमाला अपवाद म्हणा. बोर्निओतल्या केन्या, कायान, इबान वगैरे जमातींची, ज्यांना एकत्र दायाक म्हणतात. परत तीच फूटपट्टी घ्या. एका बाजूला ती पात्यावर डुगडुगते, कारण ती बाजू फुगीर आहे. उलटं करून ठेवली की मधे फट दिसते, फटीतून उजेड येतो, कारण ती बाजू खोलगट. एक अंग बाहेर फुगलेलं, एक अंग आत गेलेलं, असं पातं हातानं ठोकून घडवणं किती अवघड आहे याचा विचार करा, आणि ते उजव्या हाताच्या माणसासाठी वेगळं, डावखुऱ्यासाठी उलटं, डावखुरी मंदाउ पण मिळतात. मूठ हरणाच्या शिंगाची कोरलेली, केसांचे झुबके, पात्यात पितळेचे ठिपके ठोकलेले, म्यान लाकडाच्या दोन फळ्यांचं, वेतानं बांधलेलं, आणि म्यानाच्या मागच्या अंगाला एक कप्पा ज्यात बारीक कामाची छोटी सुरी. पर्यटकांसाठी बनवलेल्या मंदाउची मूठ कधी फारच झकास कोरलेली असते, पितळ पण असतं, पण फूटपट्टी ठेवली की दोन्हीकडे सपाट. कोरीवकाम बाजारासाठी करता येतं, पण ज्याला तोडायचं नाहीये तो तो बाक घडवण्याचे कष्ट घेत नाही.

आफ्रिकेवर लिहायचं तर वेगळी पोस्ट लागेल, इथे थोडक्यात. मुंबईत सगळ्यात जास्त दिसते ती मासाईंची सेमे, पातं टोकाकडे पानासारखं रुंद, परज नाही, मुठीला चामडं, लाल रंगवलेल्या चामड्याचं म्यान. यातल्या बऱ्याच विसाव्या शतकातल्या आहेत आणि जुन्या कानशी किंवा कोयत्यांच्या पात्यांपासून बनवलेल्या, आणि त्यात कमीपणा काही नाही. दुसरी सुदानची कास्कारा, सरळ दुधारी, क्रॉससारखी परज, म्यानाचं टोक पसरट. ती दिसली की विक्रेता हमखास १८९८ ची ओमदुरमानची, ब्रिटिशांविरुद्धची लढाई सांगणार. लढाई झाली ते खरं, पण सुदानमधे कसाला गावात अशा तलवारी त्यानंतरही बनत राहिल्या, ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांपासून. ट्रकचा पाटा ही जगभरच्या लोहारांची आवडती खाण आहे, पोलाद चांगलं, जवळजवळ फुकट. तेव्हा पाट्याचं पातं म्हणजे नकली असं नाही, पण १८९८ नक्कीच नाही, तेव्हा सुदानात ट्रक कुठे होते.

वय ओळखायचं तर पात्याचं रंगरूप कामाला येतं, आणि नेमकं तेच बाजारात मारलं जातं. गिऱ्हाइकाला चकचकीत आवडतं म्हणून बफिंगच्या चाकावर पातं घासतात, आणि घणाचे ठोके, लोखंडाच्या पदरांच्या रेषा, जुना तपकिरी-काळा थर, धार वर्षानुवर्षं लावून झिजलेली कडा, हे सगळे पुरावे दहा मिनिटांत जातात. मला याचं खरंच वाईट वाटतं. उलट प्रकारही आहे, नव्या पात्याला आम्ल लावून केलेला गंज, तो भडक नारिंगी असतो, खड्डे सगळीकडे सारखे, आणि मुठीच्या तोंडाशी जिथे पातं आत शिरतं तिथे गंज नसतो. खऱ्या जुन्या तलवारीत बऱ्याचदा तिथेच सगळ्यात जास्त असतो, कारण पाणी तिथे अडकतं. दोन पाती शेजारी ठेवली की फरक लगेच कळतो.

माझी वर्गवारीची वही त्यामुळे नावावरून सुरू होत नाही. बघताना म्यान आधी, पण वहीतले रकाने मात्र असे लावलेत. पहिलं, तोडायचं की खुपसायचं की मिरवायचं. मग धार एकांगी की दुहेरी. मग पातं मुठीत कसं बसवलंय, तापवून ठोकलंय, राळेनं चिकटवलंय, खिळे मारलेत की मूठ लोखंडाचीच आहे. मग म्यान, मग अडकवण्याची तऱ्हा, मग साहित्य. लांबी, वजन, पाठीची जाडी मुठीपाशी आणि टोकापाशी. ऑक्सफर्डचं पिट रिव्हर्स म्युझियम १८८४ मधे सुरू झालं तेव्हापासून वस्तू देशावरून न लावता प्रकारावरून लावतात, सगळ्या जगातली एका प्रकारची वस्तू एका कपाटात. त्यामागे साध्याकडून प्रगतकडे अशी उतरंड लावायचा जो विचार होता तो मला पटत नाही, तो त्या काळाचा गर्व होता. पण प्रकार शेजारी शेजारी ठेवून बघायची सवय मात्र उपयोगाची आहे. नागा टेकड्यांत नोकरीला असलेल्या हटन आणि मिल्स या अधिकाऱ्यांनी पाठवलेल्या वस्तू तिथे आहेत, आणि संग्रहालयाची यादी ऑनलाइन बघता येते, त्यामुळे गाव आणि साल माहीत असलेल्या वस्तूशी आपली वस्तू ताडून बघता येते. जमातीचं नाव मी तेव्हाच लिहितो, आणि पेन्सिलीनं. आपल्या काळा घोड्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातलं शस्त्रदालनही परत परत बघा. तिथली मुघल-मराठा शस्त्रं वेगळ्या जगातली आहेत, पण मूठ, परज, मुठीच्या आतली मऊ गादी, म्यान हे नीट बघायची नजर तिथे तयार होते.

कायद्याबद्दल थोडं, कारण लोक याकडे दुर्लक्ष करतात. शस्त्र कायदा १९५९ चा, नियम २०१६ चे, त्यात तलवारी आहेतच आणि नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची शस्त्रंही, घरगुती आणि शेतीची अवजारं वगळून. शिवाय मुंबईत पोलिसांचे महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खालचे मनाई आदेश वेळोवेळी निघतात, शस्त्र घेऊन फिरायला बंदी असते, तेव्हा विकत घेतलेली तलवार पेपरात गुंडाळून लोकलनं नेणं हा मूर्खपणा आहे. आपल्या भागात काय लागू आहे ते पोलीस स्टेशनला विचारून घ्या, पावती जपून ठेवा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येते, ती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. आणि त्याच वर्षीचा वन्यजीव कायदा, मुठीला अस्वलाचे केस, धनेशाची चोच, वाघाचं नख, हस्तिदंत असं काही असेल तर कितीही सुंदर असलं तरी हात लावू नका.

राहिला पावसाळा. जून ते सप्टेंबर मुंबईत पातं म्यानात ठेवायचं नाही, लाकूड आणि चामडं ओल धरतं आणि आतल्या आत गंज चढतो. पातं बाहेर, सुती फडक्यानं पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा अगदी पातळ हात, बोटांचे ठसे राहू द्यायचे नाहीत कारण घामाचं मीठ दोन दिवसांत डाग पाडतं. म्यान वेगळं, मऊ कापडात, हवा खेळेल असं, बुरशी दिसली तर कोरड्या ब्रशनं झटकायचं, चामड्याला तेल अजिबात लावायचं नाही. वेताच्या गुंफणाला एसीची कोरडी हवा पण चालत नाही, ते ठिसूळ होतं. आणि पातं-म्यान वेगवेगळं ठेवताना दोघांना एकच नंबर लिहिलेली सुती दोऱ्याची चिठ्ठी बांधा, नाहीतर ऑक्टोबरमधे परत जोडी लावताना नागा ठोकळ्यात भलताच दाओ जाऊन बसेल.